हलकं काम

"बाबू, मले एक हलकी गाडी बनवून दे," माझी मोठी बहीण माझ्या शेडच्या दारात उभी राहून म्हणाली, आणि बाजूच्या पंक्चरवाल्यानं मान वर करून तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. त्याला वाटलं, बाईचा हात तंग आहे. आमच्या घुग्घुसमध्ये हलकं म्हणजे स्वस्तातलं, तकलादू, चार दिवसांत हातात येणारं. चांगलं ते सगळं भारी. साडी भारी, जेवण भारी, जावई भारी, आणि ट्रक तर इतका भारी की त्याच्या चाकाखाली रस्ता दबल्याशिवाय मालकाला झोप येत नाही. कोळशाच्या आणि सिमेंटच्या गावात राहून माणसांनाही सवय लागते. ती समोरच्याला आधी मनातल्या मनात काट्यावर चढवतात, मग नमस्कार करायचा की नाही ते ठरवतात.

माझा धंदा फायबरचा, म्हणजे या गावात मी आधीच बदनाम. पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, कारंज्यातले बगळे, आणि वाघ. चंद्रपूर जिल्ह्यात फायबरचं काम करणाऱ्याला वाघ चुकत नाही. खरा वाघ गावात शिरला की लोक थाळ्या वाजवतात, फटाके फोडतात, रस्ता अडवून बसतात. आणि तेच लोक माझ्याकडे येऊन चौकासाठी, धाब्यासाठी, लॉजच्या फाटकासाठी वाघ मागतात. वाघ चिडलेला पाहिजे, पण पोरं त्याच्या पाठीवर बसून फोटो काढताना रडली नाही पाहिजेत. एका लॉजवाल्यानं तर त्याला जरा हसरा करा म्हणून सांगितलं होतं. मी केला. तो अजून फाटकाशी उभा आहे आणि फोटोसाठी जबरदस्तीनं उभ्या केलेल्या नवरदेवासारखा दिसतो.

ताईचं मागणं या सगळ्यापेक्षा वेगळं होतं. तिला हवी होती आपल्या जुन्या व्हॅनच्या मागे जोडायची एक खोली. चाकांवरची. आत शिलाई मशीनचं टेबल, झोपायला एक बाक, कापड ठेवायला कप्पे आणि एका कोपऱ्याला पडदा.

ताई ब्लाऊज शिवते. आमचं मूळ गाव अहेरीच्या अंगाचं, तलावाच्या काठचं. बाप मासे धरायचा. लग्न होऊन ती घुग्घुसला आली, पण पोरं मोठी होऊन आपापल्या नोकऱ्यांना लागली तशी ती पुन्हा त्या भागातल्या आठवडी बाजारांत जाऊ लागली. आज अहेरी, उद्या आलापल्ली, परवा त्याच्या पुढचं कुठलं तरी गाव. तिकडच्या बायकांशी ती अर्धं गोंडीत, अर्धं तेलुगूत आणि उरलेलं हातवाऱ्यांनी बोलते. ताडपत्रीखाली मशीन मांडायचं, सकाळी माप घ्यायचं आणि बाजार उठायच्या आत ब्लाऊज हातात द्यायचा, अशी तिची पद्धत. गिऱ्हाईक तुटून पडायचं. अडचण एकच होती, आणि ती तिनं मला शेडमध्ये उलट्या ठेवलेल्या टाकीवर बसून सांगितली.

"बाई माप द्याले येते, अन् मी तिले ताडपत्रीच्या आड उभी करतो. अर्धा बाजार तिकडंच पाहून राह्यला असते. बाई अंग चोरते. अंग चोरलं का माप चुकते. माप चुकलं का बिलाऊज तंग होते, अन् नाव कोनाचं खराब होते? माहं."

"मग एक तंबू घे ना."

"तंबूत रातच्याले झोपू? कुत्रं बी आत येते. मले दार पायजे. आतून कडी पायजे." मग तिनं आवाज खाली आणला. "अन् एक गोष्ट आयक. जोडाची बी मी एकटीनं, सोडाची बी मी एकटीनं. कोनाले हाक माराचं काम नाई."

ही शेवटची अट कशासाठी, ते मला न सांगताही कळलं. भाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, आपला एक बेकार पुतण्या या कामासाठी हेरून ठेवला होता. मोठी लोखंडी ट्रॉली घ्यायची, पुढे पिकअप लावायची, पुतण्या चालवेल. ताईनं ती योजना पुढच्या पाच वर्षांसकट वाचून ठेवली होती. "आज पुतन्या गाडी चालवीन. मंग पुतन्या गल्ला सांभाळीन. मंग पुतन्या सांगन का आज कोन्त्या बाजारात जाचं. अन् मी मांगं मशीनवर." म्हणजे सगळा प्रश्न ट्रेलरच्या पुढच्या दांडीचा होता. ती दांडी तिला एकटीला उचलून व्हॅनच्या हुकावर बसवता आली, तर धंदा तिचा. नाही आली, तर पुतण्याचा.

भाऊजी खाणीत डंपर चालवायचे. ज्यांनी खाणीतला डंपर पाहिला नाही त्यांना सांगतो, त्याचं एक चाक माणसापेक्षा उंच असतं आणि चढायला शिडी लागते. उभी हयात त्या उंचीवरून जग पाहिलेला माणूस निवृत्त होऊन ओसरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर आला होता, आणि आता चहाच्या कपापेक्षा मोठं काही हलवायचं त्याच्या नशिबी उरलं नव्हतं. गाडी चालवायला ताईला त्यांनीच शिकवलं होतं. तेव्हा गावभर सांगत फिरायचे. आपण शिकवलेली बाई ती गाडी घेऊन खरंच कुठे तरी जाईल, हे मात्र त्यांच्या हिशेबात नव्हतं. माझ्या शेडमध्ये काम सुरू झाल्यावर ते रोज कमरेचा पट्टा बांधून देखरेखीला यायला लागले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

नागपूरहून फोमचे पत्रे आले, फिकट निळे, दोन बोटं जाड. शीतगृहाच्या भिंतीत घालतात तो माल. मी एक पत्रा करंगळीवर तोलून दाखवला. वाटलं, लोक खूश होतील. लोकांनी नाक मुरडलं.

"थर्माकोल हाय हे," पंक्चरवाला म्हणाला.

"गनपतीचं मखर बनवून राह्यला का गा?" भाऊजी म्हणाले.

आणि पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली ती त्यांच्या देखत. वाघासाठी वापरतो ती नेहमीची राळ मी सवयीनं फोमच्या एका कोपऱ्यावर ओतली. फोम तव्यावरच्या लोण्यासारखा खाली बसत गेला आणि तिथं एक भोक उरलं. वाघाची राळ हा फोम खाते. त्याला एपॉक्सी ही दुसरी राळच लागते, हे मला माहीत होतं. पण हात डोक्याला विचारून चालत नाहीत. भाऊजींनी त्या भोकातून माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या रस्त्याला माहीत झालं होतं की साळ्यानं बनवलेली गाडी पाण्यात विरघळते.

मग एपॉक्सी आली. दोन डबे, ठरलेल्या प्रमाणात वजन करून मिसळायचे आणि ती घट्ट व्हायच्या आत काचेच्या कापडातून फोमवर पसरायची. सोबतच्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं की मिश्रण आरामात अर्धा तास टिकतं. ते लिहिणारा माणूस मे महिन्यात चंद्रपूरला आलेला नसावा. माझ्या हातातला मिश्रणाचा मग बघता बघता गरम झाला, त्यातून धूर निघायला लागला, आणि पंक्चरवाला ट्यूब बुडवायचं घमेलं घेऊन आग विझवायला धावत आला. त्या घाणेरड्या पाण्यानं माझं एक पॅनेल वाया गेलं आणि त्याला मात्र दिवसभर शाबासकी मिळत राहिली. दुसऱ्या दिवसापासून मी उजाडता उजाडता कामाला लागायचो आणि ऊन शेडमध्ये आलं की हात धुवायचो. भाऊजींच्या मते हे आळशीपणाचं लक्षण होतं.

कामाची रीत अशी. मधे फोम, दोन्ही अंगांना काचेचं कापड, आणि सगळं एपॉक्सीनं एकजीव. नुसता फोम गुडघ्यावर मोडतो, नुसतं काचेचं कापड गोधडीसारखं लोंबतं. पण तिन्ही एकत्र वाळले की त्यावर माणूस उभा राहतो. वाळेपर्यंत मात्र वरून चांगला दाब लागतो. त्यासाठी मी पावसात भिजून दगड झालेली सिमेंटची पोती आणून ठेवली होती. घुग्घुसला अशी पोती कोणीही फुकट देतो, वर उचलून नेल्याबद्दल आभार मानतो. हलकी वस्तू बनवायला एवढं ओझं लागतं हे पाहून भाऊजींना पहिल्यांदा माझ्या कामाबद्दल थोडा आदर वाटला. "हे पोतेच आत ठेव ना," ते म्हणाले. "फोम काढून टाक."

ताई मात्र या कामात रमली. काचेच्या कापडाला ती अस्तर म्हणायची. खरं तर ते अंगाला इतकं खाजतं की पहिल्या दिवशी तिनं मला आणि माझ्या खानदानाला शिव्या घातल्या, म्हणजे स्वतःलाही. पण आतल्या कोपऱ्यांना कापड नीट बसेना, सुरकुत्या पडू लागल्या, तेव्हा तिनं माझ्या हातातली कात्री घेतली. "सरळ काऊन कापतं? उरेब काप." ब्लाऊजच्या गळ्याला पट्टी लावायची असते तेव्हा कापड तिरकं कापतात, म्हणजे ते वळणावर न कुरकुरता वळतं. तसंच ते बाकाच्या कोपऱ्यात वळलं. मी आयुष्यभर वाघाच्या कानांमागे सुरकुत्या घासत बसलो होतो आणि त्याला कला समजत होतो. मी तिला म्हणालो, हे आधी सांगितलं असतंस तर माझे वाघ जरा तरुण दिसले असते. "मले काय मालूम तू वाघाले बी सरळ कापडात गुंडाळतं," ती म्हणाली.

हळूहळू आतली खोली आकाराला आली. बाक आला, त्याच्याखाली पेटी आली. मशीनचं टेबल पुढच्या भिंतीला, त्याखाली झाकण लावलेला खोल कप्पा, कापडाच्या गठ्ठ्यांसाठी. मागच्या कोपऱ्यात पडद्याची जागा, तिथं एक बाई हात पसरून उभी राहील एवढी. सांध्यांना एपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा कालवून भरलं आणि ताईनं भाजीच्या चमच्याच्या पाठीनं ते असं गुळगुळीत केलं की धूळ अडकायला जागा राहिली नाही. खाली बारीक पाइपाचा लोखंडी सांगाडा आणि दोन चाकं. मी पहिल्यांदा ती दांडी हातात घेतली तेव्हा मला स्वतःलाच हसू आलं. घरातलं कपाट सरकवायला याहून जास्त जोर लागतो.

त्या दिवशी भाऊजी मात्र घरून एक फ्रेम आणि खिळा घेऊन आले. फ्रेममध्ये त्यांचा डंपरसमोरचा फोटो होता. "हा आत लावू दे," म्हणाले, आणि मी अडवायच्या आत त्यांनी भिंतीवर खिळा ठेवून हातोडा हाणला. खिळा एका फटक्यात डोक्यासकट आत गेला आणि पलीकडून त्याचं टोक निघालं.

"इथी खिळाच नाई बसत!" भाऊजी रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाले. "हे घर हाय का पापड?"

मी त्यांना समजावलं की फोममध्ये खिळा धरत नाही, जिथं काही टांगायचं तिथं आधीच आत लाकडाचा तुकडा पुरावा लागतो, म्हणजे कुठं काय टांगायचं हे आधी ठरवावं लागतं. त्यांना ते पटलं नाही. आमच्याकडे आधी खिळा ठोकतात, मग त्यावर काय टांगायचं ते बघतात, आणि काहीच सुचलं नाही तर कॅलेंडर असतंच. ज्या भिंतीत खिळा बसत नाही तिला भिंत म्हणायला ते तयार नव्हते. फोटो परत घरी गेला. मला त्याचं थोडं वाईट वाटलं, पण तेवढंच.

मग मी एक चूक केली. व्हॅनला किती ओझं झेपेल याची खात्री करावी म्हणून ट्रेलर जवळच्या धरमकाट्यावर नेला. तिथं भाऊजींचे सगळे जुने सोबती चहा पीत बसलेले असतात. काट्यावर कोळशाचे ट्रक चढतात, त्यांच्या मधे आमचा ट्रेलर उभा राहिला तेव्हा आतल्या माणसानं खिडकीतून मान बाहेर काढली, काट्याकडे पाहिलं, आतल्या आकड्याच्या पडद्याकडे पाहिलं आणि ओरडला, "भाऊ, गाडी चढवा ना काट्यावर!"

"चढली हाय," मी म्हणालो.

टपरीवर हसू उसळलं आणि त्यांच्यात बसलेल्या भाऊजींनी कप अर्धाच खाली ठेवला. कोणी म्हणालं, वाऱ्यानं उडून वर्धा नदीत जाईल. कोणी म्हणालं, डंपरवाल्यानं बायकोला डब्यात बसवलं. मी मात्र आनंदानं वेडा झालो होतो, कारण आकडा माझ्या अंदाजापेक्षाही खाली होता. एकाच काट्यावर आम्हा दोघांचं असं वेगवेगळं वजन झालं.

दुसऱ्या दिवसापासून भाऊजींनी ट्रेलरला इज्जत द्यायची मोहीम हाती घेतली. आधी एक सुतार आला, त्याच्या खांद्यावर सागवानाची जाडजूड फळी. "आलापल्लीचं सागवान हाय भाऊ," तो म्हणाला, "ते नाई लावलं त मंग काय लावलं?" मग टेबलावर बसवायला कडप्प्याची लादी आली. मग देवासाठी संगमरवरी देव्हारा. मग व्हॅनच्या पुढच्या बाजूला लावायला लोखंडी गार्ड, ज्याला धडकून रानडुक्कर मरेल पण आमची व्हॅन आधी मरेल असा. शेवटी आला लोखंडी कूलर. कूलरबद्दल मी काही बोलू शकत नाही; चंद्रपूरचा उन्हाळा पाहिलेल्या माणसाच्या तोंडून कूलरविरुद्ध शब्द निघत नाही. पण तो पाणी भरून ठेवला असता तर व्हॅनचं पुढचं चाक आभाळाकडे बघत राहिलं असतं.

मी प्रत्येक वेळी भांडलो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी हरलो, कारण ते नात्यानं मोठे. मला वाचवायची ती ताई. दर रविवारी ती यायची, पदर खोचायची, गुडघे वाकवायची आणि दांडी उचलून बघायची. उचलली की म्हणायची, "जमते." आणि त्यात काही घुसलेलं असलं की तिच्या खांद्याला लगेच कळायचं. "आज काही तरी आलं हाय," असं म्हणून ती आत जायची आणि नवऱ्याच्या तोंडावर ती वस्तू बाहेर काढायची. सागवान गेलं. लादी गेली. गार्ड गेला. देव्हाऱ्यातला देव तिनं उचलून पर्समध्ये ठेवला आणि देव्हारा परत पाठवला. कूलर पंक्चरवाल्यानं मागून घेतला आणि तेव्हापासून तो आमच्या ट्रेलरबद्दल चांगलं बोलू लागला.

निघायच्या आदल्या रविवारी सगळं तयार होतं. पडदा लागला होता, मशीन बसवलं होतं. ताईनं पदर खोचला, गुडघे वाकवले, दोन्ही हातांनी दांडी धरली आणि जोर लावला. दांडी हलली नाही.

तिनं पाय बदलून पाहिले. श्वास घेऊन पुन्हा लावला. दांडी जमिनीपासून चार बोटं उठली आणि तिच्या हातातून सुटून खाली आदळली. ती आत गेली, सगळीकडे पाहिलं. मशीन तेच, बाक तोच, जास्तीचं काहीच दिसत नव्हतं. बाहेर येऊन तिनं पुन्हा धरली, आणि मग ती दांडीशेजारीच मातीत बसली.

"माह्यातच दम नाई राह्यला, बाबू," ती म्हणाली. "पोटाचं आपरेशन झाल्यापासून हातात जोर नाई वाटत. तुह्या गाडीचा दोष नाई."

"मी म्हनतच होतो," भाऊजी लगेच म्हणाले. "बाईमानसाचं काम नोहे ते. पोट्ट्याले फोन लावतो मी."

"लावा," ताई म्हणाली.

तिचं ते "लावा" मी आजवर विसरलो नाही. ज्या बाईनं पुतण्याच्या नावानं इतके दिवस बोटं मोडली, तिनं ते अशा आवाजात म्हटलं, की जणू भाजीत मीठ घालायला सांगते आहे. मला रडू आलं. ते लपवायला मी ट्रेलरच्या आत गेलो आणि बाकावर बसून राहिलो. बाहेर भाऊजींनी फोन काढला होता, पण लावल्याचा आवाज काही येत नव्हता.

माझ्या हाताला एक खोड आहे. बसलो की मी पॅनेलवर बोटांनी टकटक करतो. पॅनेल चांगलं वाळलं असलं की ते ढोलकीसारखं बोलतं. बाक बोलला. कप्पे बोलले. मशीनखालचा पुढचा कप्पा मात्र मुका होता. मी त्याचं झाकण काढलं. आत कापडाच्या गठ्ठ्यांखाली खाणीतून मिळालेलं एक जुनं करडं कांबळं होतं, आणि त्यात नीट गुंडाळून, वाजू नयेत म्हणून कोपरे दाबून, माझी दोन दगड झालेली सिमेंटची पोती.

मी बाहेर येऊन सरळ ओरडलोच. भाऊजींशी मी त्या सुरात कधी बोललो नव्हतो.

"हे काय हाय भाऊजी?"

त्यांनी फोन खिशात टाकला. "अबे, वारा येते तिकडं. हलकी गाडी उलटून जाईन. म्हनून ठेवले."

वाऱ्यासाठी ठेवली असती तर मी गप्प बसलो असतो. पण दोन चाकांचा ट्रेलर म्हणजे बागेतला पोरांचा सी-सॉ. बरोबर चाकांवर ओझं ठेवलं तर दांडीला काही कळत नाही, मागे ठेवलं तर दांडी वर जाते, आणि अगदी पुढे ठेवलं तर सगळा भार दांडीवर येतो, म्हणजे उचलणाऱ्याच्या हातांवर. ज्यानं आयुष्यभर डंपरवर माल कुठं पडतो हे पाहिलं, त्या माणसाला ओझं कुठं ठेवायचं हे शिकवावं लागत नाही. मी ते बोलून दाखवलं. कमरेला पट्टा बांधलेल्या त्या माणसानं, डॉक्टरनं पाण्याची बादली उचलू नका म्हणून सांगितलेल्या माणसानं, मी जेवायला घरी गेलेलो असताना ती दोन पोती एकट्यानं आत चढवली होती.

पंक्चरवाल्यानं हातातलं काम थांबवलं. ताई उठून उभी राहिली. ती चिडेल म्हणून मी वाट पाहत होतो.

"काऊन जी?" तिनं एवढंच विचारलं.

भाऊजींनी चपलेनं ट्रेलरच्या चाकाची माती खरवडली. मग म्हणाले, "हलकी राह्यली त तू जाशीन ना."

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. "एवढे वरीस घरी राह्यली मी. ते का तुमी पोते बांधले होते म्हनून?"

भाऊजी आत गेले आणि वाकून एक पोतं ओढायला लागले. ताई मागोमाग धावली. "सरका. कंबर धरन तुमची, मंग दवाखान्यात कोन नेईन?" मी आणि तिनं मिळून दोन्ही पोती बाहेर काढली आणि शेडच्या भिंतीला लावली. कांबळं तिनं झटकलं, घडी केली आणि बाकावर ठेवलं. पाऊस लागला की तिकडे पहाटे गारठा असतो, म्हणाली. मग तिनं पदर खोचला आणि दांडी उचलून व्हॅनच्या हुकावर बसवली. खटकन आवाज आला. या वेळी ती "जमते" म्हणाली नाही. हात पुसले आणि घरी स्वयंपाकाला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली तेव्हा भाऊजी तिच्या आधी शेडमध्ये हजर होते. त्यांनी पाण्याचा डबा आणला होता, चाकांतली हवा त्यांनी पंक्चरवाल्याकडून दोनदा तपासून घेतली. मग ते ट्रेलरमध्ये गेले, दार लावून घेतलं, आतून कडी घातली आणि मला ओरडून म्हणाले, "ढकल!" मी ढकललं. "जोरानं ढकल बे!" मी खांदा लावला. पंक्चरवाल्यालाही बोलावलं. दार हललं नाही. भाऊजी घामाघूम होऊन बाहेर आले आणि पहिल्यांदा माझ्या कामाबद्दल एक चांगला शब्द बोलले. "धरते," म्हणाले.

"बल्लारपूरनंतर हळू चालव. आष्टीच्या पुढं जंगल लागते."

"मालूम हाय. माह्या बापाचं गाव हाय ते."

"कधी येशीन?"

"शेवटचा बाजार झाला का." तिनं व्हॅन सुरू केली. "घरी डब्यात तिखट शंकरपाळे हायेत. सगळे एकाच दिवशी नका खाऊ."

व्हॅन रस्त्याला लागली आणि ट्रेलर तिच्यामागून निमूट गेला, कोळशाच्या दोन ट्रकांच्या मधून, त्यांची धूळ अंगावर घेत. भाऊजी रस्त्याच्या कडेला उभे राहून हात हलवत होते. वळण येईपर्यंत हलवत होते, वळणानंतरही थोडा वेळ. मागे एवढी खोली जोडली की चालवणाऱ्याला आरशात फक्त ती खोलीच दिसते, मागचा माणूस दिसत नाही. ते मी त्यांना सांगितलं नाही.